मंदी अमेरिकेत, कापूस आमच्या घरात: विकू की थांबू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका तरुण कास्तकाराच्या घरात ४५ क्विंटल कापूस पडून आहे. घरची ११ एकर कोरडवाहू, शिवाय ४ एकर ठोक्याने (वर्षाच्या भाड्याने) केलेली. सोयाबीन विकून झालं, तूर शेतात उभी आहे. व्यापारी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेताना, क्विंटलला ७,४०० म्हणतो. वडील म्हणतात, अक्षय तृतीयेपर्यंत थांबू. पुण्याला आयटी कंपनीत असलेला भाऊ दर महिन्याला दहा हजार पाठवतो. तो म्हणतो, अमेरिकेत मंदी येणार, आमच्याकडे माणसं कमी करणं सुरू आहे, आजच सगळा विका आणि पैसे सोन्यात टाका. देणं असं: पीककर्ज १ लाख ४० हजार, कृषी केंद्राची उधारी ३८ हजार (महिन्याला दोन टक्के), आणि पाडव्याला ठोक्याचे ४० हजार. "मंदी आली तर ती आमच्या गावापर्यंत येते कशी, विकसित देशात आणि आपल्यात तिचा फरक कुठे पडतो ते सांगा, आणि कापसाचं काय करू तेही सांगा," असं त्यांनी विचारलं आहे.

आधी एक सांगतो. मंदी येणार की नाही या भाकितावर कापूस टांगून ठेवू नका. मी बरीच वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून बी वेगळं करणाऱ्या कारखान्यात, काढली. आधी ग्रेडर होतो, गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओलावा सांगणारा. पुढे मुनीम झालो, आता एका शेतकरी कंपनीचे हिशेब पाहतो. या काळात भाव पाडणाऱ्या बातम्या किती आल्या आणि गेल्या. कोणतं घर त्यात बुडालं आणि कोणतं निभावलं, हे पाहिलं तर बातमी आधी कळण्याचा त्याच्याशी फारसा संबंध दिसत नाही. निभावलेल्यांना पैसे कोणत्या तारखेला लागणार हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्या तारखेच्या आधी माल मोकळा केला होता. बुडालेल्यांना पडत्या बाजारात, सावकार दारात असताना विकावं लागलं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: पडत्या भावात विकायची पाळी येऊ नये म्हणून आज किती विकावं?

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. कापूस किती ओला, सीसीआयची (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) नोंदणी झाली का, माल कुठे ठेवला, उधारीचं व्याज खरंच दोन टक्के की बोलण्यात दोन आणि लिहिण्यात तीन. त्याप्रमाणे आकडे बदलतील. रीत तीच राहील.

आता मंदीकडे येऊ. ज्या वर्षी साऱ्या जगाचं दरडोई उत्पन्न घटतं त्याला जागतिक बँकेचे अभ्यासक जागतिक मंदी म्हणतात. त्या मापाने १९७० पासून ती पाचदा आली: १९७५, १९८२, १९९१, २००९ आणि २०२०. आता कापूस कधी कोसळला ते आठवा. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता आणि आपल्याकडे सात हजारांच्या गोष्टी चालल्या होत्या. पुढच्या हंगामात तोच कापूस चार हजारांच्या आसपास आला. मे २०२२ मध्ये वायदा दीड डॉलरच्या वर होता, विदर्भात क्विंटलने दहा-बारा हजार पाहिले. त्याच्या पुढच्या हंगामात लोकांनी दहा हजारांची वाट पाहत घरं भरून ठेवली आणि मे २०२३ ला सात हजारांच्या आगेमागे विकून मोकळे झाले. या दोन्ही वेळा त्या मापाने जागतिक मंदी नव्हती.

उलट २००८ घ्या. १५ सप्टेंबरला अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि नोव्हेंबरपर्यंत न्यूयॉर्कचा वायदा ४० सेंटच्या आसपास घसरला. पण त्याच हंगामात केंद्र सरकारने लांब धाग्याचा हमीभाव २,०३० वरून एकदम ३,००० केला होता आणि सीसीआयने त्या वर्षी विक्रमी खरेदी केली. ज्यांची गाडी सीसीआयच्या खरेदी केंद्रावर लागली त्यांना जगात काही बिनसलं आहे हे जाणवलंही नसेल. ज्यांना चुकाऱ्यासाठी (विकलेल्या मालाच्या पैशासाठी) थांबायची ऐपत नव्हती, त्यांनी खेडा खरेदीत कमी भावाने दिला. मंदी तीच, गाव तेच, पण दोन शेजाऱ्यांना ती वेगळी लागली.

वऱ्हाडाला हे नवीनही नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंगणघाट-खामगावच्या मालाचा भाव आकाशाला भिडला. कापूस बंदराला न्यायला रेल्वे हवी म्हणून घाई सुरू झाली. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ ला, खामगावची फाटा-लाइन १८७० ला. तोवर यादवी संपून भाव उतरले होते.

बातमी बाजूला ठेवून भाव बनतो कसा ते एकदा कागदावर मांडू. हे समजलं की निम्म्या अफवा आपोआप गळतात. तुम्ही कापूस विकता, पण जिनिंगवाला कापूस विकत नाही. तो रुई (बी काढलेला कापूस) विकतो आणि सरकी (कापसाचं बी) विकतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी कचरा नि घट. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडी ५४ हजार आहे. किलोला साधारण १५२ रुपये झाले, म्हणजे ३४ किलोचे सुमारे ५,१५०. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,२४०. बेरीज ७,४०० च्या जवळ. यातून जिनिंग-प्रेसिंग, गाडीभाडं, हमाली, अडत-सेस आणि त्याचा नफा काढा, तीन-चारशे रुपये. उरतं ते तुमच्या हातात. खंडीचा आणि सरकीचा आजचा भाव टाकून तुम्हीच हा हिशेब करा, व्यापारी किती दाबतो आहे ते लगेच दिसेल. ओला माल असेल तर तो दाबणारच, आणि तिथे त्याचंही चूक नसतं.

आता यात काय हललं की किती हलतं? खंडीमागे हजार रुपये उतरले की तुमच्या क्विंटलमागे ९५ रुपये जातात. न्यूयॉर्कला एक सेंट उतरला आणि रुपया डॉलरला ९० धरला, तर खंडीमागे सातशे, म्हणजे क्विंटलमागे ६५-७० रुपये. सरकी किलोमागे एक रुपया उतरली तर क्विंटलमागे ६४. म्हणजे न्यूयॉर्कचा एक सेंट आणि सरकीचा एक रुपया, कास्तकाराला दोन्हींचं वजन सारखंच. मोबाइलवर सगळे न्यूयॉर्क पाहतात, अकोल्याची सरकी कोणी पाहत नाही. आणि सरकी-ढेपेचं (ढेप म्हणजे तेल काढल्यावर उरलेला सरकीचा चोथा) गिऱ्हाईक दुधाच्या धंद्यातलं आहे. न्यू जर्सीतल्या माणसाची नोकरी गेली म्हणून कोल्हापूरची म्हैस ढेप कमी खात नाही. तुमच्या कापसाच्या किमतीचा जवळपास तीस टक्के हिस्सा असा मंदीपासून बराच दूर आहे.

राहिली रुई, आणि तिथे मात्र मंदीचा हात पोचतो. कारण साधं आहे. माणूस जेवण लांबवत नाही, शर्ट लांबवतो. हाताशी पैसा कमी झाला, कर्जाचा हप्ता वाढला की अमेरिका-युरोपातलं कुटुंब आधी कपडे घेणं थांबवतं. दुकानात माल पडून राहतो, दुकानदार पुढची ऑर्डर कापतो, मग तिरुपूर-बांगलादेशचा कारखाना सूत कमी घेतो, सूतगिरणी रुई कमी घेते, आणि आपल्या जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठी चढत जातात. २०२२ ला नेमकं हेच झालं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली, शून्याच्या जवळून वर्षअखेर चार टक्क्यांच्या वर नेले. मंदी जाहीर झाली नाही, पण कपड्यांची मागणी बसली. म्हणून "मंदी आली का" यापेक्षा "कपडा खपतो का" हा प्रश्न कापूसवाल्याने विचारावा.

दुसरा रस्ता डॉलरचा, आणि तो उलट दिशेने चालतो. संकट अमेरिकेतच सुरू झालं तरी जगातला पैसा घाबरून डॉलरकडेच धावतो. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता, वर्षअखेरपर्यंत पन्नासला टेकला. २०१३ ला तर मंदीही नव्हती. अमेरिका पैसा आवळणार एवढ्या नुसत्या चाहुलीने मे ते ऑगस्टमध्ये रुपया ५५ वरून ६८ वर गेला. रुपया घसरला की न्यूयॉर्कची घसरण आपल्याकडे थोडी कमी लागते, कारण तेच सेंट जास्त रुपये आणतात. पण बरंचसं खत आणि डिझेलचं कच्चं तेल बाहेरून येतं. तिथे सरकार मध्ये उभं असतं: युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १,३५० रुपये, बाहेर भाव कितीही चढला तरी छापील किंमत तीच. मग टंचाई भावात न दिसता रांगेत दिसते. गोणी मिळत नाही, आणि मिळाली तर तिच्यासोबत नको असलेलं औषध गळ्यात मारतात. लिंकिंग तुम्हाला काय सांगायचं!

तिसरा रस्ता दिल्लीचा. हा सगळ्यात जोरात लागतो आणि याच्याबद्दल चर्चा सगळ्यात कमी होते. भाव चढला की गिरण्या ओरडतात आणि निर्यातीला लगाम लागतो: एप्रिल २०१० ला लागला, मार्च २०१२ ला तर बंदीच आली आणि आठवड्याभरात मागे घ्यावी लागली. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, ते एप्रिल २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला आणि कपडा निर्यातदार अडचणीत आले. त्याच महिन्यात कापसाचं शुल्क पुन्हा काढलं गेलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. ११ टक्के म्हणजे किती ते पाहा. खंडी ५० हजारांची धरली तर साडेपाच हजार, आणि ते सगळं भावात उतरलं तर क्विंटलमागे सव्वापाचशे. न्यूयॉर्कला आठ सेंट पडावे लागतात तेवढं व्हायला. प्रत्यक्षात सगळं उतरत नाही, गिरणी-जिनिंगमध्ये वाटलं जातं, पण दिशा तीच. तेव्हा मंदीच्या व्हिडिओंपेक्षा शुल्काची सूट मिळते की संपते इकडे जास्त लक्ष ठेवा.

विकसित देशात आणि आपल्यात फरक कुठे पडतो, हेही तुम्ही विचारलं आहे. २००९ ला विकसित देशांचं उत्पादन तीन टक्क्यांहून जास्त आक्रसलं, विकसनशील देशांचं एकंदर वाढलंच. आकड्यात पाहिलं तर मार त्यांना बसला. पण मार बसल्यावर उशी कोणाला मिळते ते पाहा. २०२० ला अमेरिकेने बेकारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. आपल्याकडे माणशी पाच किलो मोफत धान्य मिळालं, जनधन खातं असलेल्या बायांना तीन महिने ५०० रुपये, आणि शहरातून परतलेल्यांनी रोहयोचं काम मागितलं: २०२०-२१ मध्ये देशभर ३८९ कोटी मनुष्यदिवस, तोवरचा उच्चांक. टेक्सासच्या कापूसवाल्याला भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की सरकार फरक देतं. म्हणून भाव पडला तरी तो पेरा तितकासा कमी करत नाही आणि जगातला माल आटत नाही. ब्राझीलने याच अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि जिंकला, ते भांडण २०१४ ला तडजोडीने मिटलं.

आपल्याकडे भाव पडल्यावर कास्तकाराची मुख्य उशी हमीभाव. आणि तो केंद्रावर, ओलाव्याच्या अटीत, एकरी मर्यादेत, नोंदणी असेल तर. कर्जमाफी ही उशी धरू नका. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पाच एकरांवरच्या कास्तकाराला पूर्ण माफी नव्हती. कोरडवाहू दहा-बारा एकरवाले आपल्याकडचे किती जण बाहेर राहिले हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा.

आता तुमचे ४५ क्विंटल. देण्याची बेरीज करा: १ लाख ४० हजार, ३८ हजार आणि ४० हजार, म्हणजे २ लाख १८ हजार. सरासरी ७,७०० धरले तर हे २८ क्विंटल झाले, ७,४०० धरले तर साडेएकोणतीस. तेव्हा २८-३० क्विंटल कापूस तुमचा नाहीच, तो देणेकऱ्यांचा आहे आणि सध्या तुमच्या खोलीत झोपला आहे. त्याच्यावर भावाचा अंदाज खेळायचा नाही. अंदाज खेळायचाच तर उरलेल्या पंधरावर.

विकायचा कुठे? २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० आहे. सीसीआय आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, बारापर्यंत घेते पण टक्क्यामागे टक्का कापते. तुमचा माल लांब धाग्यात बसला आणि ओलावा ११ निघाला तरी ७,८६० च्या वर हातात येतात, घरच्या ७,४०० पेक्षा साडेचारशे जास्त. २५ क्विंटल गेले तर अकरा हजारांवर फरक. 'कपास किसान' ॲपवर नोंदणी झाली नसेल तर तालुक्याच्या बाजार समितीत जाऊन पुढचा मार्ग विचारा. झाली असेल तर स्लॉटसाठी चिकाटी धरा. गाडी भरण्याआधी दोन दिवस माल उन्हात पसरा, सकाळचं दव उतरल्यावर. रात्री वेचणीचा ताजा माल जुन्यात मिसळून भरला की वरचा हात कोरडा लागतो आणि ग्रेडर खालून मूठ काढतो तेव्हा सगळी गाडी नापास होते. हे मी दुसऱ्या बाजूने उभं राहून खूप पाहिलं आहे. पिवळा, कवडीचा (किडका, गुठळ्या झालेला) माल वेगळा करा, तो व्यापाऱ्यालाच द्या. मूठभर कवडी चांगल्या गाडीचा ग्रेड खाली आणते.

पैसे आले की आधी कृषी केंद्र. ही उधारी वर्षाला २४ टक्क्यांची आहे. चुकारा यायला वेळ लागणार असेल तर पाच-सहा क्विंटल आजच ७,४०० ला खेडा खरेदीत देऊन ती मिटवा. होय, हमीभावापेक्षा कमी मिळतील, तरी हिशेबात बसतं, कारण उधारी फिटली की जूनमध्ये बियाणं तुम्ही रोखीने आणि तुमच्या पसंतीचं घेता. उधारीवाला त्याच्या पसंतीचं देतो. पीककर्जाचं उलट आहे. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर राज्यात ते बिनव्याजी पडतं, त्यामुळे आजच फेडायची घाई नाही. पण पैसा बाजूला काढून ठेवा आणि तारीख चुकवू नका. एकदा थकीत गेलात की सवलत गेली, नवं कर्ज अडलं, आणि जूनमध्ये पुन्हा त्याच कृषी केंद्राच्या दारात.

वडिलांचं अक्षय तृतीयेचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २०२१-२२ ला थांबलेल्यांनी खरोखर कमावलं. पण थांबण्याचं भाडं असतं, ते मोजा. आज ७,४०० ला विकण्याऐवजी चार महिने ठेवला तर माल वाळून शंभरातले चार किलो तरी कमी भरतात. उधारी नसलेल्या मालाला तेव्हा ७,७०० मिळाले तर आजच्याइतके झाले. उधारी डोक्यावर ठेवून थांबलात तर त्यात चार महिन्यांचे आठ टक्के मिळवा: ८,३०० च्या वर गेला तरच फायदा, तोवर नुसती बरोबरी. यात आगीची धास्ती, उंदीर आणि उन्हाळ्यात घरभर सुटणारी खाज धरलेली नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात घरात कापूस साठवलेल्या गावांत लहान पोरांच्या अंगावर पुरळ आल्याच्या तक्रारी होत्या. माणसांच्या खोलीत कापूस असेल तर भाव काहीही असो, तो आधी काढा.

माझा सल्ला: देण्याचे २८-३० क्विंटल केंद्र चालू आहे तोवर मोकळे करा. उरलेल्यातले दहा दोन टप्प्यांत, थोडे संक्रांतीनंतर, थोडे होळीपर्यंत, त्या दिवशी जो भाव असेल त्याला. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे ऐनवेळी कोणाच्या व्हॉट्सॲपवरून बदलणार नाही. पाच क्विंटल वडिलांसाठी अक्षय तृतीयेपर्यंत ठेवा. भाव वाढला तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल, पडला तर घर हलणार नाही.

तूर निघाली की तिचा विचार वेगळा करा. तूर आपण इथेच खातो, मंदीने वरण पातळ होतं पण बंद होत नाही. तिचा भाव मोझांबिक-म्यानमारहून येणाऱ्या तुरीवर जास्त अवलंबून आहे. तिला गोदामाचा पर्यायही आहे: बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळते. कापसाला ती सोय सहसा मिळत नाही. त्यामुळे थांबायचंच असेल तर तुरीवर थांबणं स्वस्त, कापसावर महाग. सोयाबीन विकून टाकलं ते ठीकच केलं.

भावाच्या नोकरीकडे तुम्ही आधार म्हणून पाहता. शेती बुडाली तर त्याचा पगार, त्याची नोकरी गेली तर शेती. पण त्याची कंपनी कोणासाठी काम करते? बहुतेक अमेरिकी गिऱ्हाइकासाठी. आणि तुमची रुई सूत होऊन शेवटी कोणाच्या अंगावर जाते? त्यातला काही वाटा त्याच गिऱ्हाइकाच्या. म्हणजे दोन्ही बैल एकाच जुवाला जोडले आहेत. एक बसला की दुसराही बसायची भीती. म्हणून त्याचे दहा हजार पीककर्जाच्या फेडीत धरू नका. सध्या येतात तोवर ते वेगळ्या खात्यात साठवायला सांगा, त्याच्याच नावाने. नोकरी गेली तर पुण्याचं खोलीभाडं आणि नवी नोकरी मिळेपर्यंतचं खाणं त्यातून निघेल, आणि तो घाईघाईने गावाला परतून "आपणही आणखी सहा एकर ठोक्याने करू" म्हणणार नाही. टाळेबंदीनंतर परतलेल्या पोरांनी माझ्या ओळखीच्या दोन-तीन गावांत ठोक्याचे भाव असेच चढवले. भाव उतरल्यावर ठोका मात्र उतरला नाही.

सोन्याबद्दल त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. संकटात सोनं चढतं, आणि रुपयाही घसरत असल्याने आपल्याला ते दुप्पट चढल्यासारखं दिसतं. पण दागिना घेताना तीन टक्के जीएसटी, वर मजुरी, मोडताना पुन्हा घट. २४ टक्क्यांची उधारी डोक्यावर ठेवून सोनं घेणं म्हणजे सोन्याने दरसाल २४ टक्क्यांहून जास्त चढावं अशी पैज. घरात आईचे दागिने आधीपासून असतील तर मी उलट करीन: सीसीआयचा स्लॉट महिनाभर लांब असेल तर बँकेत सोनं तारण ठेवून कृषी केंद्राचे ३८ हजार आजच देऊन टाकीन, आणि कापसाचा चुकारा आला की सोडवून आणीन. फक्त कर्ज बँकेचं घ्या, आणि पावतीवर वजन आईसमोर लिहून घ्या.